पाचशे वॅट, पण ऐकू कोणाला येतंय?

बेस गिटारच्या ॲम्पविषयी काय विचारायचं ते विचारा, असं मागच्या अंकात लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. त्यातली बरीचशी पत्रं 'हा घेऊ की तो?' एवढ्यावरच संपतात. बेस कोणता, ड्रमर किती दणकट, वाजवायचं कुठे, काहीच नाही. अशा पत्रांना उत्तर देता येत नाही. ज्यांनी आपली परिस्थिती मोकळेपणी सांगितली त्यांना मी आधी घेतलंय. लांब पत्रं कापलीत, त्याबद्दल राग नसावा.

प्रश्न: ताई, माझा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) तीनशे वॅटचा आहे, आत बारा इंची एकच स्पीकर. आमचा ड्रमर हात राखून वाजवत नाही. गाणं रंगात आलं की मी मलाच ऐकू येत नाही. आवाज वाढवला की स्पीकर फडफडतो. आता पाचशे वॅटचा घ्यावा म्हणतोय, तोही बारा इंचीच. फरक पडेल ना?

उत्तर: पडेल, दोन डेसिबलचा. शेजारी उभं राहून नीट कान दिलास तर कळेल एवढा. तीनशेवरून पाचशे ही कागदावर मोठी उडी दिसते, पण कान बेरजेने ऐकत नाही, पटीने ऐकतो. वॅट दुप्पट केले की तीन डेसिबल मिळतात. आवाज 'दुप्पट झाला' असं वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. तुझ्या तीनशेचे तीन हजार! आणि ते त्या एकट्या बारा इंचीला दिलेस तर फडफड थांबेल हे खरं, कारण स्पीकरच उरणार नाही.

जाहिरातीत वॅटचा आकडा ठळक असतो. ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे तो आकडा माहितीपुस्तिकेच्या शेवटी बारीक अक्षरात असतो, तो म्हणजे स्पीकरची सेन्सिटिव्हिटी. एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल मिळतात, ते त्यात सांगितलेलं असतं. ९४ डेसिबलच्या कॅबिनेटला (कॅब, म्हणजे स्पीकर बसवलेलं खोकं) ४०० वॅट दिले की हिशेबाने १२० डेसिबल होतात. १०० डेसिबलच्या कॅबिनेटला १०० वॅट दिले तरी १२०च. जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब आणि आजचा नऊ वॅटचा एलईडी जवळपास सारखाच उजेड देतात, तसं हे आहे. आत किती गेलं ते वॅट सांगतात, बाहेर किती आलं ते स्पीकर ठरवतो. (हा सेन्सिटिव्हिटीचा आकडाही बहुधा मधल्या पट्टीत मोजलेला असतो, खर्जात तो बराच खाली येतो. पण निदान दोन कॅबिनेटांची तुलना करायला उपयोगी पडतो.)

आता तुझ्या कामाचं. कॉम्बोच्या मागे जास्तीचा स्पीकर जोडायचा जॅक आहे का बघ आणि त्याच्या शेजारी किती ओम (स्पीकरचा विद्युत रोध) लिहिलेत ते वाच. पुष्कळ कॉम्बोंमध्ये आतला स्पीकर ८ ओमचा असतो आणि पूर्ण वॅट ४ ओमलाच मिळतात. म्हणजे तुझा 'तीनशे वॅट'चा कॉम्बो एकटा असताना तीनशे देतच नसेल, साठ टक्क्यांच्या आसपास देत असेल. त्याला ८ ओमची, तशाच स्पीकरची दुसरी कॅब जोडलीस तर दोन्ही मिळून ४ ओम होतात; एकतर ॲम्प पूर्ण वॅट देऊ लागेल, शिवाय हवा ढकलायला दुप्पट जागा मिळेल. दोन्ही मिळून पाच-सहा डेसिबल पदरात पडतात. नवा पाचशेचा कॉम्बो जे देईल त्याच्या दुपटीहून जास्त, आणि हातातला ॲम्प विकावाही लागत नाही. दुसरी कॅब पहिलीच्या शेजारी ठेवू नकोस, डोक्यावर ठेव. वरचा स्पीकर कानाच्या जवळ येतो. तुझी निम्मी तक्रार तिथेच मिटेल असा माझा अंदाज आहे.

आणि हो, 'पीक' (क्षणभराचे कमाल) वॅट लिहिलेले असतील तर ते निम्मे करून वाच.

प्रश्न: घरी माझा टोन जबरदस्त वाटतो. खोल, गोल, काचा थरथरतील असा. बँडबरोबर वाजवताना मात्र तो कुठे जातो कळत नाही. मित्र म्हणतात, "तू वाजवत होतास का?" ॲम्प बदलू का? (कॉलेजमधला आहे, पहिलाच बँड.)

उत्तर: ॲम्प राहू दे, हात नॉबकडे ने. तुझं सेटिंग न बघता सांगते: बेस (खालचे स्वर) पूर्ण वर, ट्रेबल (वरचे) वर, मिड (मधले) खाली. नवशिक्यांचा हा लाडका हसरा चेहरा. दुकानात आणि खोलीत तो सुंदर वाटतो आणि बँडमध्ये गाडला जातो.

हे का होतं ते समजून घे, कारण ॲम्प निवडतानाही हेच कामाला येणार आहे. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार, मोकळी ई, ४१ हर्ट्झला कंप पावते. तुला वाटतं आपण ऐकतो ते हे ४१ हर्ट्झ. प्रत्यक्षात बहुतेक बेस कॅबिनेटं तिथे पोचेपर्यंत दमलेली असतात. अँपेग कंपनीची ती जगप्रसिद्ध आठ दहा-इंचींची उभी कॅब, जिला सगळे 'फ्रिज' म्हणतात, तीही साधारण ६० हर्ट्झच्या खाली उतरायला लागते. आणि रॉक बेसचा आवाज म्हणून आपल्या डोक्यात जे बसलंय त्यातलं केवढं तरी तिच्यातूनच आलेलं आहे! कारण आपण ती तार ओळखतो ती तिच्या वरच्या उपस्वरांवरून. ८२, १२३, १६५ असे चढत जाणारे हे स्वर मेंदू जुळवतो आणि खालचा स्वर गृहीत धरतो. बोट तारेवर पडल्याची चाहूल तर त्याहून वर, सातशे-आठशे हर्ट्झच्या आगेमागे असते. तू मिड कापलास म्हणजे नेमकं तेच कापलंस. मग खाली उरलं ते ड्रमरच्या किकने (पायाने वाजवायच्या ड्रमने) खाल्लं आणि वरचं झांजांनी.

दुसरं कारण कानाचं. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली दाखवून दिलं की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो आणि आवाज चढला की तो भरून येतो. घरी हळू वाजवताना बेस पातळ वाटतो म्हणून तू नॉब फिरवतोस. तेच सेटिंग स्टेजवर मोठ्या आवाजात नेलंस की नुसता चिखल. म्हणून घरचं सेटिंग घरीच ठेवायचं. तालमीला सगळे नॉब मध्यावर आण, मग बेस थोडा कमी कर, ४०० ते ८०० च्या पट्टीतला मिड थोडा चढव आणि पूर्ण बँड वाजत असताना ऐक. एकटा वाजवून बघशील तर नाकात बोलल्यासारखा, ओंगळ वाटेल. वाटू दे. बेसवादक जॅको पास्टोरियसचा बेस आठव. ब्रिजजवळचा पिकअप (तारेचा कंप टिपणारा भाग), मिड भरपूर. एवढ्या गर्दीतही त्याचा एकेक स्वर वेगळा कळतो.

एक बारीक गोष्ट. सगळे नॉब मध्यावर म्हणजे 'ईक्यू नाहीच', म्हणजे स्वरांत काही फेरफार नाही, असं सगळ्या ॲम्पमध्ये नसतं. फेंडरच्या जुन्या घराण्यातल्या टोन सर्किटमध्ये नॉब मध्यावर असले तरी मिड खड्ड्यातच असतो. तिथे मिड खूप वर न्यावा लागतो.

प्रश्न: दहा इंची चार की पंधरा इंची एक? दहा इंची 'पंची' आणि पंधरा इंची 'डीप' असं ऐकून आहे. दोन्ही एकावर एक लावले तर सगळंच मिळेल का?

उत्तर: हे समीकरण इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलंय की खरं वाटू लागलंय. स्पीकर किती खोल जाईल हे त्याच्या व्यासावरून ठरत नाही. खोक्याचं आकारमान, त्याला दिलेलं छिद्र आणि कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) किती पुढेमागे सरकू शकतो, यावरून ठरतं. शिवाय दहा इंची चार स्पीकरांचं मिळून क्षेत्रफळ एका पंधरा इंचीच्या दीडपटीहून जास्त भरतं. मग जास्त हवा कोण ढकलणार? चांगल्या खोक्यातले दहा इंची पंधराच्या खाली सहज जातात आणि वाईट खोक्यातला पंधरा नुसता गुरगुरतो.

मोठा कोन एका बाबतीत मात्र नक्की वेगळा आहे. वरचे स्वर तो टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर फेकतो, बाजूला उभा असलेल्याला ते मिळत नाहीत. म्हणून तो 'गोल' वाटतो. दोन स्पीकर शेजारी शेजारी असले तरी तसंच होतं, म्हणून मी दोन-बाराची (बारा इंची दोन स्पीकरांची) कॅब नेहमी उभी ठेवते, आडवी नाही. उभ्याने बाजूच्या गिटारवाल्यालाही बेस कळतो.

दोन्ही एकावर एक लावू नका. दोन्ही ८ ओमच्या असल्या तर चार-दहाला जेवढे वॅट, तेवढेच एकट्या पंधराला. तो बिचारा आधी हात टेकतो आणि त्याच्या मर्यादेवर तुमची मर्यादा ठरते. शिवाय दोन वेगळ्या स्पीकरांचे आवाज काही पट्ट्यांत एकमेकांना खातात. ते कुठे खातील हे लावून बघितल्याशिवाय कळत नाही. सारख्या दोन कॅब घ्या. छोट्या कार्यक्रमाला एक न्या, मोठ्याला दोन. माझी स्वतःची निवड विचाराल तर एक-बाराच्या दोन.

लहान, हलकी, खोल आणि जोरदार अशी कॅब कुणी दाखवली तर चार पावलं मागे सरका. होफमन नावाच्या अभियंत्याच्या नावाने एक नियम प्रसिद्ध आहे: लहान खोकं, खोल खर्ज आणि थोड्या वॅटात मोठा आवाज, या तिघांतले दोनच एका वेळी मिळतात. आजच्या लहान कॅब पहिले दोन देतात आणि तिसऱ्याची भरपाई पाचशे-आठशे वॅटच्या हेडने, म्हणजे स्पीकर नसलेल्या नुसत्या ॲम्पने, करतात.

प्रश्न: वय ५८. तरुणपणी ट्यूबच्या (काचेच्या व्हॉल्व्हच्या) ॲम्पवर वाजवलं. आता पुन्हा सुरुवात करतोय, पण पाठीने साथ सोडलीय. हे नवे दोन-अडीच किलोचे 'क्लास डी' ॲम्प खरंच त्या तोडीचे आहेत का, की नुसतं खेळणं?

उत्तर: खेळणं नाही हो. पण तुम्ही ज्याच्याशी तुलना करताय तो प्राणीच निराळा होता. १९६९ साली आलेला अँपेग एसव्हीटी म्हणजे ३०० वॅट आणि चौदा ट्यूबा. त्याच वर्षीच्या अमेरिकेच्या दौऱ्यात रोलिंग स्टोन्सनी तो वापरला. नुसतं हेड ३५ किलोच्या पुढे, फ्रिज ६० किलोच्या पुढे. जिन्यावरून तो चढवणारे लोक मला माहीत आहेत. त्यातल्या एकाचीही पाठ आज धड नाही.

तुमच्या आठवणीतला जो आवाज आहे त्यात ट्यूबचा वाटा नेमका कुठे, ते बघू. ट्यूब ॲम्प हद्दीला पोचला की एकदम फाटत नाही. हळूहळू दबतो, थोडे उपस्वर मिसळतो, जाड होतो. हा दबलेला आवाज आपल्याला आवडतो म्हणून आपण तो हद्दीच्याही पुढे नेऊन वाजवतो. ट्रान्झिस्टरचा ॲम्प हद्दीला फाटतो, म्हणून आपण अलीकडेच थांबतो. 'ट्यूबचे वॅट मोठे असतात' ही म्हण तिथून आली. वॅट तेवढेच, फक्त ट्यूबचे आपण शेवटच्या थेंबापर्यंत वापरतो.

क्लास डी ॲम्पमध्ये आउटपुटचे ट्रान्झिस्टर सेकंदाला काही लाख वेळा पूर्ण चालू, पूर्ण बंद होतात. अधलेमधले रेंगाळत नाहीत, म्हणून उष्णता थोडी. जड ट्रान्सफॉर्मरऐवजी हलका स्विचिंग पॉवर सप्लाय असतो. वजन गेलं ते इथे. या भागाला स्वतःचा असा फारसा रंग नसतो, चव सगळी आधीच्या प्रीॲम्पमध्ये, म्हणजे आवाज घडवणाऱ्या पहिल्या टप्प्यात. म्हणून क्लास डी निवडताना वॅटपेक्षा प्रीॲम्प ऐका. अग्विलारचा टोन हॅमर ५०० वरची धार मऊ करतो, जुन्या वळणाचा वाटतो. डार्कग्लासचे ॲम्प मुद्दाम खरखरीत, आजच्या मेटलसाठी. मार्कबास मधल्या पट्टीत सरळ आणि स्पष्ट. तुमच्या जुन्या आवाजाची ओढ असेल तर पहिला ऐका, किंवा ज्याच्या प्रीॲम्पमध्ये एखादी खरी ट्यूब आहे असा ऐका. आणि ट्यूबच्या तीनशेची जागा घ्यायला क्लास डीचे पाचशे-सहाशे धरा, वर सांगितलेल्या कारणासाठी.

ट्रान्झिस्टरला निर्जीव म्हणणाऱ्यांना मी गॅलियन-क्रुगरचा ८००आरबी ऐकवते. १९८० च्या दशकातला हा ॲम्प, आउटपुटला एकही ट्यूब नाही, आणि कितीतरी रॉक बेसवाल्यांनी तो उरापोटावर वागवला.

जुना ट्यूब ॲम्प स्वस्तात मिळतोय म्हणून मोह झाला तर एकच विनंती. तो स्वतः उघडू नका. आत सहा-सातशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून बसतात. दुरुस्तीच्या टेबलावर मी आधी ते उतरवते, मग चहाचासुद्धा विचार करते. आणि स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प कधीही वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

प्रश्न: ८ ओमची एक आणि ४ ओमची एक कॅब आहे. हेडवर 'किमान ४ ओम' लिहिलंय. दोन्ही लावू?

उत्तर: नको. दोन्ही मिळून २.६७ ओम होतात. ट्रान्झिस्टरचं हेड तापेल, बंद पडेल किंवा कायमचं बंद पडेल. ८ आणि ८ चे ४ होतात, ते चालतं. जोडायला स्पीकरचीच केबल वापरा. गिटारची केबल दिसायला सारखी असते, पण आतली तार केसासारखी. एवढा करंट तिच्यातून गेला की ती गरम होते. अशा वितळलेल्या केबली लोक मला आणून दाखवतात आणि ॲम्पला दोष देतात.

प्रश्न: दुकानात दोन ॲम्प वाजवून बघितले. पहिला फारच सरस वाटला, म्हणून घेतला. घरी आणल्यावर तो सरसपणा सापडत नाहीये. तुलना करायची तरी कशी?

उत्तर: पहिला ॲम्प बहुधा फक्त थोडा मोठा वाजत होता. एखाद-दोन डेसिबलचा फरक असला की कान त्याला 'मोठा' म्हणत नाही, 'चांगला' म्हणतो. जास्त भरीव, जास्त जिवंत. विकणाऱ्यांना हे ठाऊक असतं. व्हॉल्यूमचा नॉब दोन्हीकडे मध्यावर ठेवला म्हणजे आवाज सारखा झाला असंही नसतं. कुठला ॲम्प नॉबच्या पहिल्या पाव फेरीतच सगळा जोर दाखवतो, कुठला शेवटच्या. नॉब मध्यावर असताना ॲम्प 'अजून निम्मा शिल्लक' आहे, हाही भ्रमच.

मी असं करते. माझा स्वतःचा बेस आणि माझी केबल घेऊन जाते. दुकानातल्या बेसवर कुणास ठाऊक कधीच्या तारा असतात. नव्या तारांवर कुठलाही ॲम्प चमकतो. दोन हेडची तुलना करायची तर कॅब एकच ठेवते. दोन कॅबची करायची तर हेड एकच. कॉम्बो विरुद्ध हेड-कॅब अशी तुलना म्हणजे एकाच वेळी चार गोष्टी बदलणं, त्यातून निष्पन्न काहीच होत नाही. मग फोनवरचं डेसिबल मोजायचं ॲप काढते आणि एक मोकळी ए तार सारख्या जोराने वाजवत दोन्हींचा आवाज जुळवते. ॲपमध्ये 'ए' आणि 'सी' असे दोन प्रकार असतील तर 'सी' निवडा. 'ए' प्रकारात ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबल वजा केलेले असतात, तो बेसकडे काणाडोळाच करतो. फोनचा माइक अचूक नसतो, पण इथे आपल्याला फरक हवाय, खरा आकडा नव्हे.

बेस ॲक्टिव्ह असेल, म्हणजे आत बॅटरी असेल, तर दोन्ही ॲम्पवर इनपुटचं पॅडचं (येणारा सिग्नल कमी करणारं) बटण सारखंच आहे ना तेही बघा. एकावर दाबलेलं आणि दुसऱ्यावर नाही, अशी तुलना मी डोळ्यांदेखत होताना पाहिलीय. एकाचा आवाज गुदमरलेला, दुसऱ्याचा मोकळा, आणि घेणारा खूश.

वाजवायचं काय? तुमचं ठेवणीतलं स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून वाजवणं) नको. बँडमध्ये जे नव्वद टक्के वेळ वाजवता तेच वाजवा. ई तारेवर सलग आठव्याचे ठोके, मग जी तारेवर बाराव्या पडद्यापर्यंत वर. चांगल्या कॅबवर वर जाताना स्वर अचानक मोठे-लहान होत नाहीत. एखादा स्वर ढोलासारखा उसळला तर दोन फूट सरकून तोच स्वर पुन्हा वाजवा. जागा बदलल्यावर उसळणारा स्वरही बदलला तर दोष खोलीचा, नाही बदलला तर कॅबचा.

तुमच्या बाबतीत घरची खोलीच वेगळी असणार. कॅबचं तोंड मागच्या भिंतीपासून एक मीटर पुढे असेल तर भिंतीवरून परतलेली लाट साधारण ८६ हर्ट्झला मूळ लाटेच्या उलट पडते आणि तो स्वर खाऊन टाकते. डी तारेवर तिसऱ्या पडद्याचा एफ वाजवून बघा, पोकळ लागतोय का. लागत असेल तर कॅब भिंतीला चिकटवा. उलट फारच गडगडाट होत असेल तर कोपऱ्यातून बाहेर काढा आणि खुर्चीवर चढवा. ॲम्प परत करायच्या आधी एवढं नक्की करा.

प्रश्न: समोर बसलेल्यांना बेस भरपूर ऐकू येतो, मला येत नाही. कुणी म्हणालं की खर्जाची लाट आठ मीटर लांब असते, ती 'उलगडायला' तेवढं अंतर लागतं. खरं का?

उत्तर: लाट आठ मीटरची असते हे खरं, उलगडायला अंतर लागतं हे खोटं. तसं असतं तर हेडफोनमध्ये बेस ऐकूच आला नसता. तुमची कॅब तुमच्या गुडघ्यांना वाजवून दाखवतेय. स्पष्टपणाचे स्वर सरळ समोर जातात, तुमचे कान त्यांच्या बरेच वर असतात. कॅब उंचावर ठेवा किंवा मागे कलती करा. फुकटातला उपाय आहे, नव्या ॲम्पआधी करून बघा.

प्रश्न: पाच तारांचा बेस घेतलाय. जाड बी तार ॲम्पवर नुसती भुरभुरते, स्वर असा लागतच नाही. माझा ॲम्प चार तारांसाठीचा आहे का?

उत्तर: असा वेगळा ॲम्प नसतो, पण शंका रास्त आहे. मोकळी बी ३१ हर्ट्झची. एक सप्तक खाली तेवढाच आवाज काढायचा तर कोनला चौपट अंतर सरकावं लागतं. ई वरून बी पर्यंत येतानाच ते अंतर पावणेदोन पटीच्या पुढे जातं. कोन त्याच्या हद्दीला आपटतो, तीच भुरभुर. कॅबवर लिहिलेले 'चारशे वॅट' हे ती किती उष्णता सोसेल त्याचे असतात. इतक्या खाली त्याच्या निम्म्यातही कोन हद्दीबाहेर जाऊ शकतो.

म्हणून बेसचा नॉब वाढवून बी सुधारत नाही, बिघडते. हाय-पास फिल्टर मिळाला तर घ्या, पेडलमध्येही येतो. ३०-३५ हर्ट्झच्या खालचं तो कापतो, जे तुमची कॅब तसंही ऐकवत नव्हती, नुसती त्यात दमत होती. कापल्यावर बी उलट घट्ट लागते. आणि आधी ती तार दुसऱ्या चांगल्या ॲम्पवर वाजवून बघा. ढिली, पातळ तार कुठल्याच कॅबवर गात नाही.

प्रश्न: घरी सरावासाठी गिटारचाच ॲम्प वापरला तर बिघडेल का?

उत्तर: हळू वाजवलात तर नाही. गिटारच्या बऱ्याच कॅब मागून उघड्या असतात, पुढची आणि मागची लाट खर्जात एकमेकींना मारतात, म्हणून पातळ लागेल. जोरात वाजवलात तर स्पीकरचा कोन फाटेल. उलटी गंमत अशी की १९५२ साली फेंडरने बेससाठी म्हणून काढलेला बासमन पुढे गिटारवाल्यांनीच पळवला. त्याच्या १९५९ च्या सर्किटवरून मार्शलचा पहिला ॲम्प बेतला गेला.

प्रश्न: आमच्या कार्यक्रमांत बेस थेट मिक्सरला जातो, कानात इन-इअर असतात. मग ॲम्प हवाच कशाला?

उत्तर: कदाचित नकोच. तुमचा आवाज समोर पोचवायचं काम साउंडवाल्याचं असेल आणि तुम्हाला तुमचा आवाज कानात मिळत असेल, तर हेड-कॅबचे पैसे एका चांगल्या प्रीॲम्प पेडलवर घाला, ज्यात डीआय आउट (थेट मिक्सरला जोडायचा जॅक) आहे आणि कॅबिनेटचा आभास देणारं सर्किट आहे. नुसता बेस थेट मिक्सरला दिला की वरचा खरखराट जसाच्या तसा जातो. कॅबिनेट तो गाळते, आपल्याला त्या गाळण्याची सवय झालेली असते. टेक २१ चं सॅन्सॲम्प बेस ड्रायव्हर १९९० च्या दशकापासून हेच काम करतंय.

फक्त तालमीचं काय ते ठरवा. तालमीत ड्रमच्या शेजारी मिक्सर नसेल तर पेडल बिनकामाचं. तिथे पेडलला जोडून पीएचा (कार्यक्रमाच्या ध्वनियंत्रणेचा) बारा इंची पॉवर्ड स्पीकर चालतो, मात्र खांबावर नको, जमिनीवर ठेवा, खर्ज भरतो. ड्रमर दणकट असला तर एक पुरणार नाही. आणि ज्या कार्यक्रमात मॉनिटर नीट मिळेल याची खात्री नाही तिथे न्यायला एक एक-बाराचा लहान कॉम्बो जवळ असू द्या, डीआय आउट असलेला. त्या डीआयचं 'प्री' हे बटण दाबून ठेवा. नाहीतर स्टेजवर तुम्ही ईक्यू फिरवलात की तिकडे साउंडवाल्याच्या हातातला आवाज बदलतो, आणि तो तुमचा चॅनेल खाली ओढतो.